किर्गिझ डोंगरगावं आणि जाइलू: आधी काय, नंतर काय

सकाळी किर्गिझस्तानच्या राजधानीत, बिश्केकला उतरायचं, विमानतळावरूनच गाडी ठरवायची आणि संध्याकाळी सोन-कोल तलावाकाठच्या युर्तमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत, मुक्काम. कागदावर हा बेत छान दिसतो. प्रत्यक्षात रात्री अकराला डोकं ठणकायला लागतं, दोनला उलटी होते आणि सकाळी सगळे परतीच्या गाडीत असतात. बिश्केक सुमारे ८०० मीटरवर आहे, सोन-कोल ३०१६ मीटरवर. सह्याद्रीत वर्षभर भटकणाऱ्यांचीही इथे फसगत होते, कारण मांड्यांत ताकद असणं आणि विरळ हवेची सवय असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. या प्रवासातलं पहिलं बाजारगाव कोचकोर त्याहून उंच, १८०० मीटरच्या आसपास आहे.

किर्गिझ डोंगरगावांच्या प्रवासात बहुतेक घोळ क्रम चुकल्यामुळे होतात. म्हणून इथे एकाच वाटेचा सगळा क्रम दिला आहे: बिश्केक, कोचकोर, किझार्त गाव, किलेमचे खोरं, सोन-कोल आणि परत. हा क्रम समजला की दुसऱ्या खोऱ्यांचा बेतही याच पद्धतीने आखता येतो.

टप्पा १: महिना आणि खोरं ठरवणं

जाइलू म्हणजे उन्हाळी कुरण. खालच्या गावांतली कुटुंबं मेअखेर ते जूनमध्ये गुरं, मेंढ्या, घोडे घेऊन वर जातात आणि सप्टेंबरमध्ये उतरतात. पाहुण्यांसाठी युर्त लागलेली असतात ती साधारण मध्य जून ते मध्य सप्टेंबर. मे महिन्यात, आपल्याकडच्या सुट्टीत, गेलात तर घाटात बर्फ आणि वर कोणीच नाही, अशी गत होते. जुलै आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा सर्वांत सोयीचा. सप्टेंबरच्या सुरुवातीला आकाश स्वच्छ असतं, पण रात्री पाणी गोठतं आणि बरीच युर्त उतरवायला घेतलेली असतात.

नऊ-दहा दिवस हातात असतील तर एकच खोरं धरा. सोन-कोल, काराकोल आणि दक्षिणेचं आलाय खोरं एका फेरीत बसवणारे अर्धे दिवस गाडीतच काढतात.

काही ठिकाणांना व्हिसाशिवाय वेगळा सीमाक्षेत्राचा परवाना लागतो. चीनच्या हद्दीजवळचं केल-सू, इनिलचेक खोरं आणि आलाय खोऱ्यातला लेनिन शिखराकडचा भाग त्यात येतात. परवाना स्थानिक प्रवास संस्थेमार्फत निघतो आणि त्याला दिवस लागतात, तेव्हा घरून निघण्याच्या निदान महिनाभर आधी पासपोर्टची प्रत पाठवून ठेवा. सोन-कोलला तो लागत नाही. पहिल्या फेरीसाठी हे खोरं सुचवण्याचं ते एक कारण आहे.

*तपासा:* भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो. ई-व्हिसावर ठरावीक विमानतळांवरून आणि नाक्यांवरूनच प्रवेश मिळतो. तुमचा प्रवेशनाका यादीत आहे ना, आणि मुक्काम नोंदवण्याची अट तुम्हाला लागू आहे का, हे अर्ज करतानाच सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या.

टप्पा २: दिवसांची मांडणी

आधी उंची मांडा, मग अंतरं.

दिवस १ बिश्केक. दिवस २ कोचकोर, मुक्काम तिथेच. दिवस ३ किझार्त, दुपारी गावामागच्या टेकडीवर दोन तास चालणं, मुक्काम गावातल्या घरी. दिवस ४ घोड्यावरून किलेमचे, मुक्काम युर्तमध्ये. दिवस ५ जालगिझ-कारागाय खिंड ओलांडून तलाव. दिवस ६ तलावाकाठी, सामान न हलवता. दिवस ७ तुझ-आशू खिंडीतून किझार्त आणि गाडीने कोचकोर. दिवस ८ बिश्केक. दिवस ९ राखीव.

यातला तिसरा दिवस बहुतेक जण कापतात, आणि त्याचा त्रास पाचव्या दिवशी होतो. खिंड ३३०० ते ३४०० मीटरच्या दरम्यान आहे आणि तिथे तुम्ही चार-पाच तासांच्या घोडेस्वारीनंतर पोचणार असता. नियम साधा आहे: ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. दिवसा त्याहून वर चढून यायला हरकत नाही, झोपायला खाली या.

राखीव दिवस शेवटीच ठेवा. घाटात दरड आली, गाडी बिघडली किंवा पोट बिघडलं तर तो कामी येतो. तलावावरून उतरायचं आणि त्याच रात्रीचं विमान पकडायचं, असा बेत करू नका.

टप्पा ३: सामान

जुलैतही सोन-कोलला रात्री पारा शून्याजवळ जातो आणि अधूनमधून बर्फ पडतो. तलावाभोवती एकही झाड नाही, त्यामुळे वारा थेट अंगावर येतो. प्रत्येकी एवढं पुरतं:

- थर्मलचे २ जोड, १ फ्लीस, १ जाड पिसांचं जाकीट
- पूर्ण पावसाळी सूट, शर्ट आणि पॅंट दोन्ही
- लोकरी टोपी, हातमोजे, लोकरी मोज्यांचे ४ जोड
- रुंद काठाची टोपी, गॉगल, एसपीएफ ५० चं सनस्क्रीन
- स्लीपिंग बॅगचं आतलं अस्तर. गाद्या-रजया युर्तमध्ये मिळतात
- डोक्याला बांधायची बॅटरी, २०,००० एमएएचची पॉवर बँक
- १ लिटरची, उकळतं पाणी सोसणारी बाटली
- ओआरएसची १० पाकिटं, पॅरासिटामॉल, जुलाबाची औषधं. उंचीच्या त्रासावरचं डायमॉक्स घ्यायचं का आणि किती, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून ठरवा

बुटांबद्दल एक गोष्ट. जाड, रुंद तळव्याचे ट्रेकिंग बूट रिकिबीत अडकतात. पडताना पाय सुटला नाही तर घोडा फरफटत नेतो. अरुंद पुढचा भाग आणि थोडी टाच असलेले बूट आणा. जीन्स नको, तिच्या शिवणीने दोन तासांत मांड्या सोलवटतात. आत घट्ट लांब टाइट्स, वर सैल पॅंट. हेल्मेट वर मिळेल असं धरून चालू नका, आपलं न्या.

सामान पाठीवर नसतं, ते घोड्यावरच्या कुरजुनमध्ये जातं. कुरजुन म्हणजे आपली खुर्जीच, शब्दही तोच. तिच्या दोन्ही बाजू सारख्या वजनाच्या लागतात, तेव्हा एक मोठी सॅक आणण्यापेक्षा ५-६ किलोच्या दोन मऊ पिशव्या करा. चाकांची बॅग कोचकोरला ठेवून पुढे निघा.

विजेसाठी: तिथे दोन गोल पिनांचं सॉकेट असतं. आपल्या मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर चालतो, तीन पिनांचा चालत नाही.

टप्पा ४: बिश्केकमधली कामं

पहिला दिवस पर्यटनाचा धरू नका, तीन कामांचा धरा.

पैसे. रुपये बदलून मिळणं कठीण. अमेरिकन डॉलर आणा, नोटा कोऱ्या आणि न दुमडलेल्या. फाटकी किंवा लिहिलेली नोट परत करतात. डॉलरचे सोम, म्हणजे तिथलं चलन, करताना निम्मी रक्कम २०० आणि ५०० च्या नोटांत मागून घ्या. ५००० ची नोट किझार्तच्या दुकानात सुटी होत नाही आणि जाइलूवर तर तिचा उपयोगच नसतो. कोचकोरला एटीएम आहे, त्याच्या पुढे रोखीवरच भिस्त.

सिम. बीलाइन, मेगा (पूर्वीचं मेगाकॉम) किंवा ओ, तिन्हींपैकी कुठलंही, पासपोर्ट दाखवून. सोन-कोलच्या मोठ्या भागात रेंज नसते. घरच्यांना "अमुक तारखेला संध्याकाळपर्यंत फोन येईल, त्याआधी काळजी करू नका" असं आत्ताच सांगून ठेवा.

नकाशा. मॅप्स डॉट मी किंवा ऑरगॅनिक मॅप्सवर देशाचा नकाशा उतरवून घ्या आणि फोन विमान मोडवर टाकून तो उघडतो का ते बघा. नकाशा वाचायला सहा शब्द पुरतात: कोल म्हणजे तलाव, सू म्हणजे पाणी किंवा नदी, आशू म्हणजे खिंड, तू म्हणजे डोंगर, आक म्हणजे पांढरा, कारा म्हणजे काळा.

बिश्केक आणि ओशमध्ये महाराष्ट्रातली बरीच मुलं वैद्यकीय शिक्षण घेतात. ओळखीत कोणी असेल तर सिम आणि पैसे बदलण्यात त्यांची चांगली मदत होते. जाइलूची व्यवस्था मात्र त्यांच्यावर टाकू नका. ती खोऱ्यातल्या माणसांकडूनच करून घ्यायची असते.

टप्पा ५: कोचकोरला सौदा

बिश्केकच्या पश्चिम बसस्थानकावरून कोचकोरला मार्श्रुतका, म्हणजे मिनीबस, आणि शेअर टॅक्सी जातात. भरली की निघते, वेळापत्रक नसतं. सकाळी आठ-नऊला पोचलात तर लवकर भरते. रस्ता तीन-चार तासांचा.

कोचकोरला कम्युनिटी बेस्ड टूरिझम, म्हणजे सीबीटीचं कार्यालय आहे. खोऱ्यातली घरं, युर्त, घोडे आणि वाटाडे यांची जुळणी तिथून होते. घरगुती व्यवस्था करणारे इतरही आहेत. कोणाकडेही गेलात तरी दर एकगठ्ठा विचारू नका. कागद काढा आणि प्रत्येक ओळ वेगळी लिहून घ्या:

१. तुमचा घोडा, दर दिवसाला
२. वाटाड्याची मजुरी, दर दिवसाला
३. वाटाड्याचा घोडा. हा वेगळा लागतो, आणि वाद सगळ्यात जास्त यावरूनच होतो
४. वाटाडा आणि घोडे परत नेण्याचा दिवस, वाट एकेरी असेल तर
५. युर्तमधला बिछाना, दर रात्रीला
६. जेवणं, प्रत्येकी किती आणि कुठली
७. परतीची गाडी, माणशी नव्हे तर पूर्ण गाडीचा दर

बेरीज त्यांच्यासमोर करा, आकडा सोममध्ये लिहा, दोघांनी बघा. भाव सुरुवातीला नीट बोलून घ्यावा. वर गेल्यावर घासाघीस केली तर ज्यांच्या घरी जेवायचं त्यांनाच लाजवल्यासारखं होतं.

तुमचं वजन आणि घोड्याचा अनुभव इथे खरा सांगा. "थोडंफार येतं" म्हटलं की चपळ घोडा मिळतो.

*सावधान:* सोन-कोलला सार्वजनिक वाहन जात नाही. परतीची गाडी न ठरवता वर गेलात तर तिथे मागितला जाईल तो दर द्यावा लागतो.

निघताना कोचकोरच्या बाजारातून यजमानांसाठी दोन-तीन किलो फळं घ्या. कलिंगड उत्तम. जाइलूवर काही पिकत नाही, तिथल्या पोरांना चॉकलेटपेक्षा ताज्या फळाचं अप्रूप जास्त. चॉकलेटं वाटत फिरू नका, मुलांना हात पसरायची सवय लागते.

टप्पा ६: घोड्यावर

किझार्त कोचकोरहून एक-दीड तासावर आहे. वाटाडा सकाळी घोडे घेऊन अंगणात येतो. चढण्याआधीचा क्रम असा.

नेहमी डाव्या बाजूने जा, मागून कधीच नाही. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, ओढून बघा: पोट आणि पट्टा यांच्यात दोन बोटं जेमतेम शिरली पाहिजेत. घोडा खोगीर चढवताना पोट फुगवतो, म्हणून पंधरा-वीस मिनिटं चालल्यावर उतरून तंग पुन्हा आवळायला सांगा. ही दुसरी तपासणी राहिली की पहिल्या उतारावर खोगीर मानेकडे सरकतं. रिकिबीची लांबी इतकी हवी की पाय सरळ सोडल्यावर तिचा तळ घोट्याशी लागेल.

रिकिबीत फक्त चवडा, टाच खाली. लगाम एका हातात. वळायचं तिकडे हात न्या, लगाम मानेला टेकला की घोडा वळतो. चालवायला "चू" म्हणतात. चढावर पुढे झुका आणि आयाळ धरा, उतारावर किंचित मागे. ओढ्यावर घोडा थांबून पाणी पिईल, पिऊ द्या.

पहिल्या दिवशी तीन-चार तासांवर नको. दर तासाला पाच मिनिटं उतरून चाला, गुडघे वाचतात.

*सावधान:* घोड्यावर बसल्या बसल्या रेनकोट किंवा पोंचो अंगात घालू नका. फडफडणाऱ्या प्लास्टिकला घोडा बुजतो आणि उधळतो. उतरा, वाटाड्याला लगाम धरू द्या, मग घाला.

खिंडीच्या दिवशी आठच्या आत निघा. दुपारी ढग भरून येतात आणि विजा पडतात. झाडं नसलेल्या खिंडीत सर्वांत उंच वस्तू घोड्यावरचा माणूस असतो. ओढेही सकाळी उथळ असतात, दुपारी वितळलेल्या बर्फाने फुगतात. एक वाजेपर्यंत खिंड पार झालेली असावी. वाटाडा मागे फिरूया म्हणाला तर फिरायचं.

मेंढपाळांची कुत्री धावून येतात. घोड्यावर असाल तर बसून राहा. पायी असाल तर पळू नका, खाली वाकून दगड उचलल्याचा आव आणा आणि मालकाला हाक मारा.

टप्पा ७: युर्तमध्ये

बूट बाहेर. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडून आत जायचं. दारासमोरची जागा तोर, ती मानाची. तिथे आपण होऊन बसू नका, दाखवतील तिथे बसा. पाहुणे म्हणून बहुधा तिथेच बसवतात. आत शिरल्यावर उजवा भाग बायकांचा, स्वयंपाकाचा. तिथे डोकावून भांडी हाताळू नका. घरातल्या बाईला "एजे", मोठ्या माणसाला "बाइके". आल्यावर "सालामात्सिझबी", आभाराला "राखमात".

मधोमध दस्तरखान अंथरलेलं असतं. वर नान, बोर्सोक म्हणजे तळलेल्या पिठाचे तुकडे, कायमाक नावाची घट्ट साय आणि मुरांबा. एजे नान हाताने तोडून सगळ्यांपुढे तुकडे ठेवते. तो तुकडा कधी उपडा ठेवू नका, जमिनीवर तर नाहीच. चहा पियालात अर्धाच ओततात. तो कमी दिला असं नाही. पाहुण्याला पुन्हा पुन्हा गरम चहा देता यावा म्हणून तसा ओततात. पुरे झाला की पियालावर तळहात धरा, नाहीतर ओतणं चालूच राहील. जेवण संपलं की सगळे दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवून "ओमीन" म्हणतात. तुम्हीही करा आणि त्यानंतर पुन्हा खायला सुरुवात करू नका.

शाकाहारी असाल तर हे कोचकोरलाच सांगायचं आणि वर पुन्हा सांगायचं: "मेन एत जेबेयम", मी मांस खात नाही. नुसतं सांगून भागत नाही. भाजीच्या रश्श्यातही मांसाचं पाणी किंवा चरबी असते, कारण तिथे त्याला मांसाचा पदार्थ मानत नाहीत. बटाटे, भात, अंडी, नान, कायमाक, एवढ्यावर दोन-तीन दिवस निघतात. सोबत पातळ पोहे, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी न्या. पोह्यांना गरम पाणी पुरतं.

किमिझ, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, पहिल्या दिवशी दोन घोटांवर थांबवा. सवय नसलेलं पोट बिघडतं आणि शौचालय युर्तपासून बरंच लांब, खड्ड्यावरचं असतं. ओढ्याचं पाणी कितीही काचेसारखं दिसलं तरी वरच्या अंगाला गुरं चरतायत हे लक्षात ठेवा. उकळलेलंच प्या.

शेगडीत वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या जळतात. झोपेपर्यंत ऊब असते, मध्यरात्री विझते. झोपण्याआधी बाटलीत उकळतं पाणी भरून मोज्यात घाला आणि पायाशी ठेवा.

*सावधान:* छताच्या मधलं गोल तुंदुक पावसात झाकतात. शेगडी धुमसत असेल तर त्याला फट ठेवायला सांगा. बंद जागेतल्या धुराच्या विषबाधेची सुरुवातही डोकेदुखीने होते आणि तिला उंचीचा त्रास समजून लोक पडून राहतात.

*तपासा, रोज सकाळी, प्रत्येकाने:* डोकं दुखतंय का, मळमळ आहे का, भूक लागली का, झोप झाली का. नुसती डोकेदुखी असेल तर त्या दिवशी आणखी वर जायचं नाही, पाणी आणि आराम. उलट्या, चालताना तोल जाणं, बसल्या जागी धाप लागणं किंवा असंबद्ध बोलणं यातलं काहीही दिसलं तर त्याच क्षणी खाली न्या, रात्र असली तरी. गोळी देऊन सकाळची वाट बघू नका. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०३, सर्वसाधारण आणीबाणीचा ११२. रेंज नसेल तर वाटाडा घोड्याने निरोप पोचवतो. प्रवास विम्यात घोडेस्वारी आणि ४००० मीटरपर्यंतची उंची स्पष्ट लिहिलेली हवी.

फोटो विचारून. "स्युरोत्को तार्तसाम बोलोबु?" असं म्हटलं की बहुतेक जण हसून उभे राहतात. एजे गाई-घोड्यांचं दूध काढत असताना अचानक जवळ जाऊ नका, जनावर बिचकतं आणि बादली सांडते.

टप्पा ८: उतरणं

निघायच्या सकाळी बिछान्याचे आणि जेवणाचे पैसे कार्यालयातून द्यायचे ठरलेत की एजेच्या हातात, हे कागदावर बघून घ्या. हातात द्यायचे असतील तर सुटे मोजून द्या. घाईत असलात आणि पुढे नान आलं तरी एक तुकडा तोडून तोंडात टाका. नान चाखल्याशिवाय पाहुण्याने जाऊ नये अशी रीत आहे.

तुझ-आशूच्या उतारावर तीव्र भागात उतरून घोडा हाताने चालवा. मुक्कामी उरलेलं प्लास्टिक, ओली टिश्यू, बॅटऱ्या सगळं परत खुर्जीत. वर कचरा उचलायला कोणी येत नाही. तो शेगडीत जातो किंवा तलावात.

किझार्तला पोचल्यावर वाटाड्याचा हिशोब गाडी येण्याआधी पूर्ण करा आणि खुर्जीच्या दोन्ही कप्प्यांत हात घालून बघा. चार्जर आणि गॉगल हमखास तिथेच राहतात, आणि घोडे तासाभरात पुन्हा डोंगरात गेलेले असतात.